म्हापशाच्या बाजारातलं माडाचं व्हिनेगर: सहा महिने वापरून झाल्यावर

जानेवारीत म्हापशाला गेले होते, तेव्हा शुक्रवारच्या बाजारातून माडाच्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या आणल्या. बाटली 750 मिलीची, 120 रुपयांना एक. काच जुनीच, आधी दारूची असणार. लेबल खरवडून काढलेलं, बूच बसवून वर प्लॅस्टिकचा तुकडा रबरबँडने आवळलेला. तारीख नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, घटक पदार्थ नाहीत. विकणारी बाई चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा आणि सुके बांगडे मांडून बसली होती, तिच्या टोपलीमागे या सात-आठ बाटल्या उभ्या होत्या. मी एक उचलून उजेडात धरली तशी म्हणाली, "घरचें आसा बाय, भियेनाका."

भिण्याचा प्रश्न नव्हता. 1994 ते 2001 अशी सात वर्षं मी म्हापशाला बँकेत होते, आणि ज्या घरात भाड्याने राहायचे तिथल्या घरमालकीण आंटीच्या स्वयंपाकघरात हेच व्हिनेगर चिनीमातीच्या बरणीत असायचं. आमचं घर मूळचं कुडाळचं. आंबट म्हणजे आमसूल, चिंच, कैरी, फार तर बिंबलं. व्हिनेगर म्हणजे चायनीजच्या गाडीवरच्या बाटलीत मिरच्या बुडवलेलं पाणी, एवढीच माझी समजूत. आंटीने पहिल्याच आठवड्यात मला बरणीचं झाकण उघडून वास घ्यायला लावला. नाकात झिणझिण्या येतील म्हणून मी श्वास रोखून वाकले, तर वास आला तो गोडसर, थोडा ताडीचा, थोडा पिकल्या केळ्याचा, आणि झोंबणारा आंबटपणा त्यांच्या मागून हळू आला. तो क्रम मला अजून आठवतो. बाजारात बाटलीचं बूच काढून मी तोच क्रम शोधला, तो सापडला, म्हणून दोन घेतल्या.

पुण्यात आल्यावर घरातल्या इतर बाटल्यांच्या शेजारी ठेवून सहा महिने नीट वापरून बघितलं. माझ्याकडे तेव्हा वाण्याकडचं पांढरं सिंथेटिक, सफरचंदाचं, नवसारीहून मैत्रिणीने आणलेलं उसाचं, तांदळाचं आणि भाचीने दिलेलं बाल्सामिक, म्हणजे इटालियन पद्धतीचं द्राक्षाचं, होतं. खरं तर हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे, लोक विचारतात "कुठलं व्हिनेगर चांगलं?" आणि उत्तर म्हणून आंबटपणाचे आकडे सांगितले जातात. आकडे जवळजवळ सारखेच असतात. फरक असतो तो कशापासून बनलं यात.

आधी माडाचं कसं बनतं ते सांगते, कारण चव तिथूनच येते. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलायच्या आधी रेंदेर, म्हणजे माडावर चढून माडी काढणारा, ती बांधून घेतो, टोकाला काप देतो आणि खाली मडकं अडकवतो. ठिबकणारा रस म्हणजे सूर; आपल्याकडे माडी म्हणतात तीच. झाडावरून उतरेपर्यंतच त्यात हवेतल्या यीस्टचं काम सुरू झालेलं असतं आणि साखरेचं अल्कोहोल व्हायला लागतं. सूर तसाच उघड्यावर राहिला की दुसरी मंडळी येतात, ॲसेटोबॅक्टर नावाचे जिवाणू. त्यांना हवा लागते, आणि ते अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात. हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे हे लुई पाश्चरने 1860 च्या दशकात दाखवलं. गोव्यातल्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून बरणीच्या तोंडाला फडकं बांधत आल्यात, झाकण घट्ट लावत नाहीत. पोर्तुगीज आले ते द्राक्षाच्या दारूचं व्हिनेगर वापरणारे, इथे द्राक्षं नव्हती, माड होते. 'विनाग्रे'चा कोकणीत 'विनागर' झाला आणि तो सुरापासून बनायला लागला. विंदालूचं मूळही तेच: 'विन्या द'आल्योश', म्हणजे दारू आणि लसूण. त्यातला 'आलू' बटाट्याचा नव्हे, लसणाचा आहे. विंदालूत बटाटे घालून वाढलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण आंटीच्या विंदालूत मांस, लसूण, मिरची आणि विनागर यांच्यात बटाट्याला जागाच नव्हती.

याउलट सिंथेटिक म्हणजे कारखान्यात बनवलेलं ॲसेटिक ॲसिड पाण्यात मिसळलेलं. त्यात लपवाछपवी नाही; आपल्याकडच्या नियमाने अशा बाटलीवर 'सिंथेटिक' आणि 'ॲसेटिक ॲसिडपासून बनवलेलं' असं स्पष्ट छापावंच लागतं. आंबवलेल्यावर 'ब्र्यूड' असतं. दोन्हींत ॲसेटिक ॲसिड किमान 3.75 टक्के असलं पाहिजे. दुकानात बाटली उचलली की पुढचं चित्र बघू नका, मागची बारीक ओळ वाचा.

माझ्या बिनलेबलाच्या बाटलीला अशी ओळ नव्हती, म्हणून मी आंटीच्या पद्धतीने व्हिनेगरची परीक्षा केली. पांढऱ्या बशीत चमचाभर व्हिनेगर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवायचं. ॲसिड आणि पाणी दोन्ही उडून जातात. सकाळी सिंथेटिकची बशी कोरडी ठणठणीत, धुतल्यासारखी. सफरचंदाच्या बशीत फिकट पिवळा चिकट डाग. माडाच्या बशीत तपकिरी, बोटाला ओढ लागेल असा थर, आणि चाटला तर खारट-गोड. त्या थरातच सगळी चव आहे. रंग घातलेलं सिंथेटिकही डाग सोडू शकतं, त्यामुळे ही परीक्षा एकटी पुरेशी नाही. वास आणि तळाचा गाळ सोबत बघायचे. मागे एकदा पर्यटकांसाठीच्या एका दुकानातून 'अस्सल' म्हणून छान छापलेली बाटली मी घेतली होती. तिचा वास नुसता तिखट होता, गाळाचा कण नव्हता, आणि बशीत राहिला तो जळक्या साखरेचा कडवट ठिपका. पैसे गेले त्यापेक्षा, तिच्यात घोळवलेली दीड किलो कोळंबी गेली याचं मला जास्त दुःख झालं.

आता मुख्य काम, रेशाद मसाला, म्हणजे माशात भरायचा गोव्याचा लाल मसाला. यासाठीच मी हे व्हिनेगर विकत घेते. बेडगी मिरच्या 20, लसणाच्या 12 पाकळ्या, बोटभर आलं, जिरं, मिरं, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, हळद, मीठ, चमचाभर साखर. मिरच्यांची देठं काढून त्या अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये चार तास भिजत घालायच्या आणि त्याच व्हिनेगरमध्ये सगळं वाटायचं. पाण्याचा थेंब नाही. पाणी पडलं की मसाला टिकत नाही आणि तव्यावर बांगड्याच्या पोटातून वाहून जातो.

हाच मसाला मी एकाच दिवशी तीन वेळा वाटला: माडाचं, सफरचंदाचं आणि सिंथेटिक. मिरच्या एकाच पुडीतल्या, बांगडे एकाच कोळणीकडचे. सिंथेटिकचा मसाला रंगाने सगळ्यांत भडक आणि सुंदर दिसला. तव्यावर टाकला की मात्र डोळ्यांत पाणी आलं, आणि खाताना आधी आंबट, मग तिखट, मग मासा असे तीन वेगवेगळे घास लागले. सफरचंदाच्या मसाल्याला फळाचा वास राहिला. वाईट नाही, पण बांगड्यासारख्या तेलकट माशाशी त्याचं पटत नाही. माडाच्या मसाल्यात आंबटपणा वेगळा काढून दाखवताच येत नव्हता. लसूण पुढे आली होती, मिरचीचा गोडवा कळत होता, आणि माशाचं तेल जड लागत नव्हतं. घरात कोणालाही न सांगता तीन ताटल्या ठेवल्या होत्या. सगळ्यांत आधी कुठली रिकामी झाली ते वेगळं सांगायला नको. काचेच्या बरणीतला हा मसाला माझ्याकडे फ्रीजमध्ये दीड महिना उत्तम राहिला. दुसऱ्या आठवड्यात तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो, म्हणून पाहुणे यायचे असतील तर आठ दिवस आधीच वाटून ठेवते.

शाकाहारी घरांना याचा काय उपयोग, असं शेजारणीने विचारलं. तिला मी गोव्याच्या पद्धतीचं तोंडलीचं लोणचं करून दिलं: तोंडली चिरून, मीठ लावून, पाणी निथळून कापडावर दुपारभर सुकवायची, तेलात मोहरी, मेथी, लसूण, आलं, तिखट परतायचं आणि शेवटी व्हिनेगर आणि थोडा गूळ. तिची बरणी पंधरा दिवसांत संपली. या लोणच्यात लसूण कधीकधी निळसर-हिरवी होते. घाबरून फेकू नका. लसणीतल्या गंधकाच्या पदार्थांची आम्लाशी गाठ पडून तो रंग येतो, त्याने काही अपाय होत नाही. आमच्या नणंदेने एकदा अख्खी बरणी मोरीत ओतली होती, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता या बाटलीतलं जे पटलं नाही ते. एक, आंबटपणाचा नेम नाही. जानेवारीतल्या दोन बाटल्या एकाच टोपलीतून घेतल्या, तरी एक दुसरीपेक्षा उघड सौम्य होती. घरगुती व्हिनेगर आहे, सूर कसा होता, किती दिवस राहिला, यावर ते ठरतं. रोजच्या स्वयंपाकाला याने बिघडत नाही, चव घेऊन अर्धा चमचा वाढवता येतो. पण वर्षभर फ्रीजबाहेर ठेवायचं लोणचं असेल, ज्यात टिकण्याची भिस्त फक्त आम्लावर आहे, तिथे बिनलेबलाचं व्हिनेगर मी वापरत नाही. तिथे छापील आकडा असलेलं, शक्यतो 5 टक्क्यांचं घेते. दोन, ते बूच. पुण्याच्या बसमध्ये एका बाटलीतून गळून पिशवीतली साडी खराब झाली. घरी आल्याआल्या काचेच्या, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत गाळून घ्यावं. पत्र्याचं झाकण महिन्याभरात गंजतं. तीन, ते जिवंत असतं. मार्चमध्ये दुसऱ्या बाटलीत वर सायीसारखा पापुद्रा धरला. ती बुरशी नव्हे, त्या जिवाणूंचंच घर आहे, इंग्रजीत त्याला 'मदर' म्हणतात. तो काढून बाकीचं वापरता येतं. मात्र वर केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर अख्खी बाटली टाकायची.

भांड्यांचंही सांगते, कारण हे चुकलं की व्हिनेगरला दोष लागतो. पितळ-तांब्याच्या भांड्यात, कल्हई असली तरी, व्हिनेगर घालून ठेवायचं नाही. ॲल्युमिनिअममध्येही नाही. स्टील, काच, चिनीमाती. काळ्या दगडाच्या पाट्यावर वाटलं तर चालतं, आंटी रगड्यावरच वाटायची. संगमरवरी खलात मात्र नको, तो दगडच आम्लाने झिजतो.

बाकीच्या बाटल्यांत माझ्या मते माडाच्या शेजारी मानाने बसावी अशी एकच आहे, नवसारीच्या कोलाह यांच्या उसाच्या व्हिनेगरची. पारशी लोक त्याला सरको म्हणतात. हे घराणं 1885 पासून या धंद्यात आहे. रंग गडद, वास काकवीचा, आंबटपणा माडापेक्षा जाडसर. पात्यो, म्हणजे पारशी पद्धतीची आंबट-गोड-तिखट कोळंबी, तिला याच्याशिवाय मजा नाही. गूळ असलेल्या कुठल्याही लोणच्यात ते चपखल बसतं. कोळंबी पात्यो मी माडाचं घालून केला तर पात्यो हलका झाला. उसाचं घालून रेशाद केला तर मसाला काळपट आणि गोड झाला. दोन्ही आपापल्या जागी ठेवावीत.

सफरचंदाचं लोक पोटात घ्यायला आणतात. मी ते कोशिंबिरीत वापरते: काकडी, गाजर, मुळा, चिमूटभर साखर, दोन छोटे चमचे व्हिनेगर, वरून मोहरीची फोडणी. लिंबाने काकडीला पटकन पाणी सुटतं तसंच यानेही सुटतं, त्यामुळे वाढताना घालायचं. प्यायचंच असेल तर पाण्यात मिसळूनच, नुसतं घेतलं तर दातांवरचं आवरण झिजतं. तांदळाचं फार मवाळ आणि महाग आहे. जपानी भाताच्या पलीकडे माझ्या घरात त्याला काम मिळालं नाही. बाल्सामिकची छोटी बाटली सहा महिन्यांत एकदाच उघडली, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली तेव्हा. फोडींवर चार थेंब आणि थोडी पिठीसाखर, पंधरा मिनिटं ठेवून. तेवढ्यासाठी ती बाटली असावी. इटलीतल्या मोदेनाची खरी पारंपरिक बाल्सामिक किमान 12 वर्षं लाकडी पिंपांत मुरते आणि तिची किंमत वेगळीच असते. आपल्याकडे दुकानात मिळते ती बहुतेक द्राक्षरस आणि वाईनचं व्हिनेगर मिसळून केलेली साधी, आणि स्ट्रॉबेरीला ती पुरते.

सिंथेटिकला मी घरातून हाकललेलं नाही. दूध फाडून पनीर करायला ते चांगलं: लिटरभर दुधाला दोन मोठे चमचे तेवढ्याच पाण्यात मिसळून, गॅस बंद करून हळूहळू घालायचे, आणि पनीर थंड पाण्याने धुवून घ्यायचं म्हणजे वास राहत नाही. माडाचं त्यासाठी वाया घालवू नये. सॅलडसाठी बटाट्याच्या फोडी उकडताना लिटरभर पाण्यात एक चमचा घातलं तर फोडींच्या कडा मोडत नाहीत. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी येतं, किटलीत पांढरा थर जमतो. सिंथेटिक आणि पाणी निम्मंनिम्मं उकळून तासभर ठेवलं की थर सुटतो. फरशी पुसायला वापरणाऱ्यांनी ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

कुठलंही व्हिनेगर असो, दोन गोष्टी मी पाळते. राजमा, चवळी, छोले शिजून मऊ झाल्याशिवाय आंबट घालत नाही. आधी घातलं तर दाणा कितीही शिट्ट्या दिल्या तरी टचटचीत राहतो. आणि कोळंबीला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नुसतं व्हिनेगर लावून ठेवत नाही. आम्लाने ती बाहेरून आधीच शिजल्यासारखी पांढरी पडते आणि मग कढईत रबरासारखी होते. डुकराच्या मांसाला उलट रात्रभर मुरू द्यावं लागतं. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा गोव्याचा आंबट-तिखट पदार्थ, तर आंटी तीन दिवस आधी करायची, रोज एकदा गरम करायची, आणि चौथ्या दिवशी फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, वाढायची.

आमटीत आणि सोलकढीत मात्र यातलं एकही व्हिनेगर मी घातलेलं नाही, घालणार नाही. चिंचेचा किंवा आमसुलाचा आंबटपणा रसात राहतो, वाफेबरोबर नाकात येत नाही. व्हिनेगरचं आम्ल वाफेबरोबर उडतं, त्यामुळे गरम पातळ पदार्थातून घासाआधी त्याचा वास येतो आणि बिचारी तूरडाळ मागे पडते. जाड मसाला, तेल, मासा, मांस, कच्ची भाजी, ही व्हिनेगरची घरं.

एवढं सगळं धरून, मासे-मांस करणाऱ्या कुठल्याही घराला मी माडाचं व्हिनेगर घ्याच म्हणेन. 120 रुपयांची बाटली आमच्या तिघांच्या घरात तीन महिने पुरली. म्हापशाला जाणं होणार असेल तर शुक्रवारी सकाळी नऊच्या आत जा, उन्हं चढल्यावर ज्या बायका घरचं आणतात त्यांच्या टोपल्या रिकाम्या होतात. बूच काढून वास घेऊ द्या म्हणा, कोणी नाही म्हणत नाही. तळाशी गाळ दिसतो का बघा, रंग फिक्या चहासारखा असावा. परतीच्या प्रवासात बाटली उभी ठेवा, बुचावर दोन पदरी प्लॅस्टिक बांधा आणि कपड्यांच्या पिशवीत ठेवू नका.

माझ्या दुसऱ्या बाटलीत आता तीन बोटं उरलंय. त्यातलं अर्धं पुढच्या रेशादसाठी ठेवलंय, उरलेलं पापुद्र्यासकट शेजारणीने मागितलंय. तिला कुठूनशी ताजी माडी मिळणार आहे आणि घरी व्हिनेगर लावून बघायचंय. फडकं बांध, झाकण लावू नकोस, एवढं तिला सांगितलंय. गणपती झाले की मी म्हापशाला जाणार आहे, या खेपेला चार बाटल्या आणीन.